बेळगाव सीमाभागात दगड, स्फटिक आणि जीवाश्म शोधण्याचा छंद : घरच्यांसोबत सुरुवात कशी कराल

मुलांच्या खिशात कधी दगड सापडला नाही असं घर विरळाच. नदीवर गेलं की दोन, शाळेच्या मैदानातून एक, मामाच्या गावाहून येताना पिशवीत पाच-सहा. मूल झोपलं की आपण ते गुपचूप कुंडीत टाकतो. माझी पहिली विनंती हीच की ते कुंडीत टाकू नका. त्या दगडावर नंबर घाला आणि तो कुठून आणला ते वहीत लिहा. या छंदातलं सगळ्यात मोलाचं काम तेवढंच आहे, बाकीचं हळूहळू जमतं. बाजारातून आणलेल्या, कुठला ते माहीत नसलेल्या चकचकीत स्फटिकापेक्षा ‘हिरण्यकेशीचं पात्र, संकेश्वरच्या वरच्या अंगाला’ असं लिहिलेली साधी गारगोटी मला जास्त किमती वाटते. ती पाहून कुणालाही त्या जागी पुन्हा जाता येतं, प्रश्न विचारता येतात.

आपल्या पायाखाली काय आहे

निघण्याआधी एवढं डोक्यात पक्कं करून घ्या, कारण त्याशिवाय सगळे दगड सारखेच दिसतात. बेळगावहून बसनं दोन तासांच्या अंतरात, वेगवेगळ्या बाजूंना, तीन अगदी वेगवेगळ्या काळांतले खडक भेटतात.

उत्तरेला निपाणी, चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी या बाजूला काळा दगड आहे. तो बेसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्यातून दख्खनचं पठार झालं. महाबळेश्वरजवळ या थरांची एकूण जाडी हजार मीटरच्या वर जाते. आपला भाग या पसाऱ्याच्या दक्षिण टोकाला आहे, म्हणून इथे थर पातळ होत जातात आणि बेळगावच्या दक्षिणेला काळा दगड संपतो.

पूर्वेला गोकाक, सौंदत्ती आणि पुढे बागलकोट जिल्ह्यात वालुकाश्म, क्वार्टझाइट आणि चुनखडक लागतात. बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून अभ्यासक त्यांना कलादगी खडक म्हणतात. त्यांचं वय शंभर कोटी वर्षांच्या आगेमागे धरतात. बदामीची लेणी कोरली आहेत ती याच कुळातल्या वालुकाश्मात.

दक्षिणेला खानापूर-लोंढ्याकडे सगळ्यात म्हातारे खडक आहेत, अडीचशे कोटी वर्षांहून जुने. हे धारवाड खडक. पापुद्रे सुटणारे शिस्ट, त्यात घुसलेल्या पांढऱ्या क्वार्ट्झच्या, म्हणजे गारेच्या, शिरा, कुठे लोखंडाचे पट्टे, जोयडा-लोंढ्याच्या बाजूला मँगनीज. आणि या सगळ्यावर पश्चिमेला टोपीसारखा बसलेला जांभा, ज्याचे चिरे खानापूर-चंदगडच्या घरांच्या भिंतीत दिसतात. बॉक्साइट मिळतं ते याच जांभ्याच्या पठारांवर.

एक गोष्ट आधीच सांगतो. जळगाव, नाशिक, पुण्याकडच्या खाणींत मिळणारे हिरवे अपोफिलाइट, मोठाले स्टिलबाइट यांचे फोटो पाहून निघालात तर इथे हिरमोड होईल. आपल्याकडे स्फटिक सापडतात ते बहुधा नखाएवढे. पण एका सुट्टीत तीन युगांचे खडक हाताळता येतील असा मुलूख फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

पहिली पायरी : घरापासून सुरुवात

पहिल्या रविवारी कुठेही जाऊ नका. घरातच फिरा. स्वयंपाकघरातला ओटा कडप्प्याचा आहे का? लिंबू सांडून राहिलं की त्यावर फिकट डाग पडतो, कारण कडप्पा म्हणजे काळा चुनखडक आणि आम्ल त्याला खातं. ओटा ग्रॅनाइटचा असेल तर डाग पडत नाही. जुन्या घरात शहाबादी फरशी असेल. तीही चुनखडकच, कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. पायऱ्यांवर गुलाबी-लालसर ग्रॅनाइट दिसला तर तो इलकलचा असण्याची शक्यता खूप. आजीचा पाटा-वरवंटा आणि जातं काळ्या बेसाल्टचं. कंपाउंडची भिंत जांभ्याची असेल तर तिच्यावर बोट फिरवा, लाल पूड बोटाला लागते.

मुलांना भिंग देऊन हे सगळं बघायला लावा. भिंग धरायची रीत मात्र शिकवा. भिंग डोळ्याच्या अगदी जवळ धरायचं आणि दगड हळूहळू भिंगाकडे आणायचा. बहुतेकजण भिंग दगडाजवळ धरून स्वतः लांबून बघतात, त्यामुळे काही दिसत नाही.

दुसरं ठिकाण बांधकामावरचा खडीचा ढीग. मालकाला किंवा मुकादमाला विचारा, ‘काका, पोरांना खडी बघायची आहे, दहा मिनिटं बसू का?’ सहसा कोणी नाही म्हणत नाही. आपल्या भागातली खडी बहुतेक बेसाल्टची, आणि ताज्या फुटलेल्या खडीत पांढरे, हिरवट, गुलाबीसर ठिपके सापडतात. या ठिपक्यांवर आपण पुढे सविस्तर येणारच आहोत.

दुसरी पायरी : सामान

महागडं काही घेऊ नका. दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग, एक चुंबक, तांब्याच्या तारेचा तुकडा, पोलादी खिळा, बाथरूमच्या टाइलचा एक फुटका तुकडा, छोट्या बाटलीत पांढरं व्हिनेगर, जुने पेपर, मार्कर, वही, आणि दगड वेगवेगळे ठेवायला झिपवाल्या पिशव्या. एवढ्यात पहिलं वर्ष निघतं.

हातोडीबद्दल माझं मत ठाम आहे. लहान मुलांच्या हातात पहिल्या वर्षी हातोडी देऊ नये. निम्मा आनंद आयत्या फुटलेल्या दगडांत मिळतो. मोठ्या माणसानं दगड फोडायचाच असेल तर सुताराची हातोडी चालणार नाही. तिचं पोलाद दगडावर आपटलं की तिचीच कपची उडते. भूवैज्ञानिकांची किंवा पाथरवटाची हातोडी घ्या. डोळ्यांवर बंद गॉगल हवाच, नेहमीचा नंबरचा चष्मा पुरत नाही. दगडावर जुनं फडकं टाकून मग ठोका. इतरांनी दहा पावलं लांब उभं राहायचं. आणि कोरडा दगड घासत किंवा कापत बसू नका, त्यातली सिलिकाची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. घासायचाच तर पाण्याखाली.

तिसरी पायरी : जागा आणि परवानगी

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण नवी मंडळी इथेच अडचणीत येतात.

जंगल वर्ज्य. खानापूर तालुक्यातला मोठा भाग राखीव जंगल आहे आणि भीमगडला २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. जंगलातला दगड आणि खनिजसुद्धा कायद्याच्या भाषेत वनोपज असतं. तिथून खडाही उचलायचा नाही, फक्त बघायचं आणि फोटो काढायचे. भीमगडच्या बाजूची बारापेडे गुहा तर वटवाघळांच्या एका अतिदुर्मिळ जातीचं घर आहे. गुहेतले चुन्याचे लोंबते खांब बघायचे म्हणून मुलांना घेऊन अशा गुहांत शिरणं त्या जिवांवर अन्याय आहे.

पुरातत्त्व खात्याची स्थळं, किल्ले, देवळं, रेल्वेची हद्द, धरणाचा परिसर यांनाही हाच नियम. झाडाखालचा शेंदूर लावलेला दगड, नागाची शिळा, शेतात आडवा पडलेला वीरगळ यांना हात लावू नये.

चालू खाणीत मुलांना नेऊ नका. सुरुंग, सुटलेले धोंडे, मागे येणारे डंपर. बंद पडलेल्या खाणी त्याहून वाईट, कारण त्यांत पाणी साचतं, काठ सरळसोट असतात आणि दरवर्षी कुठे ना कुठे पोरं बुडाल्याची बातमी येते. खाणमालक ओळखीचा असेल तर त्याच्याकडून बाहेर आणून टाकलेला ढीग बघायची परवानगी घ्या.

मग उरतं काय? भरपूर उरतं. शेतकऱ्यानं नवी विहीर काढली की काठावर फोडलेल्या दगडाचा ढीग पडतो, आणि बेसाल्टच्या भागात आमच्यासारख्यांसाठी याहून चांगली जागा नाही. दगड ताजा, खोलातून आलेला, ऊनपावसानं न झिजलेला. बोअरवेल मारल्यावर बाहेर पडलेला भुकटीसारखा चुराही पाण्यात धुऊन बघा. शेताच्या बांधावर वेचून टाकलेले धोंडे, गावाजवळच्या ओढ्याचं कोरडं पात्र, उन्हाळ्यात उघडी पडलेली नदीतली गोट्यांची रास, या सगळ्या जागा मालकाला किंवा गावातल्या जाणत्या माणसाला विचारून बघता येतात.

विचारण्याची एक रीत आहे. पूर्वेच्या गावांत मराठी समजतं, पण दोन वाक्यं कन्नडमध्ये बोललं की समोरचा मोकळा होतो. ‘अण्णा, नावु कल्लु नोडाक बंदेव्री’, म्हणजे आम्ही दगड बघायला आलोय. सोबत मुलं असली तर उत्तमच. कारण आपल्याकडे चार माणसं हातोडी घेऊन माळावर फिरताना दिसली की गुप्तधन शोधायला आलेत असा संशय येतो, आणि तो संशय चुकीचा आहे असं म्हणायची सोय नाही, तशी टोळकी खरोखर फिरतात. त्यामुळे आधी चावडीवर किंवा चहाच्या टपरीवर थांबा, वही उघडून दाखवा, मग पुढे जा. परतताना काय सापडलं ते त्या शेतकऱ्याला दाखवून जा. पुढच्या विहिरीची बातमी तोच देतो.

परवानगी मिळाली तरी खणायचं नाही, वरचं वेचायचं. माणशी मूठभर. विकायला काही न्यायचं नाही, कारण विक्री आली की ते खनिकर्म खात्याच्या नियमांत जातं आणि छंद राहत नाही.

काळवेळ म्हणाल तर दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत सगळ्यात चांगलं. मार्च-एप्रिलमध्ये नद्या आटतात, तेव्हा सकाळी दहाच्या आत परत या. हिडकल धरणाखाली घटप्रभेच्या पात्रात उतरायचं असेल तर पाणी सोडण्याची वेळ गावात विचारा. कोरडं पात्र बघताबघता भरतं. कृष्णेच्या काठी मगरी आहेत, तिथे पाण्याच्या कडेला बसून गोटे धुवायचे नाहीत. दगड उचलताना तो आपल्याकडे ओढून न घेता पलीकडची कड आधी उचलायची, म्हणजे खाली फुरसं किंवा विंचू असला तर दगड आपल्या आणि त्याच्यामध्ये राहतो. फुरसं आपल्या खडकाळ माळांवर नेहमीचं आहे, म्हणून चप्पल नको, बूट हवेत. पश्चिमेच्या जंगलालगत पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड नाहीत ना ते बघा, माकडताप त्यातूनच पसरतो.

चौथी पायरी : हातातला दगड ओळखणं

विहिरीच्या ढिगावर बसलात असं समजा. काळ्या दगडाचे दोन प्रकार दिसतील. एक घट्ट, जड, ठोकला तर खणखणणारा. दुसरा आंबोळीसारखा छिद्राछिद्रांचा, थोडा लालसर किंवा हिरवट. आपल्याला हवा तो दुसरा. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे वर आले आणि वरच्या भागात अडकले. पुढे लाखो वर्षं त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यानं आणलेली खनिजं आत बसत गेली. म्हणून प्रत्येक छिद्र म्हणजे एक वेगळी खोली असते, आणि शेजारच्या दोन खोल्यांत वेगवेगळी खनिजं असू शकतात.

असा एक तुकडा भिंगाखाली नीट बघू. पोकळी वाटाण्याएवढी. तिच्या भिंतीला लागून हिरवट मातकट साल आहे, ती सगळ्यात आधी बसलेली. त्यावर दुधाळ, मेणचट थर, हा चाल्सेडनी, क्वार्ट्झचाच अतिसूक्ष्म कणांचा प्रकार. आणि अगदी मध्ये, जिथे अजून रिकामी जागा आहे, तिथे आतल्या बाजूला टोकं केलेले चिमुकले चमकते सुळके. बाहेरून आत असं वाचत गेलं की कोणतं आधी आणि कोणतं नंतर आलं हे सहा वर्षांच्या मुलीलाही सांगता येतं. स्फटिकाला वाढायला मोकळी जागा लागते ही गोष्ट इथे डोळ्यांनी दिसते, पुस्तकात वाचावी लागत नाही.

आता पोकळीतलं पांढरं नेमकं काय? नवख्यांचा गोंधळ तीन खनिजांत होतो.

पोलादी खिळ्यानं हलकेच ओरखडा काढा. ओरखडा उमटलाच नाही, उलट खिळ्याचीच करडी रेघ राहिली, तर ते क्वार्ट्झ किंवा त्याचा भाऊबंद. फ्रीडरिश मोह्स यांनी १८१२ च्या सुमारास मांडलेल्या कठीणतेच्या मापात क्वार्ट्झ ७ वर आहे, खिळा ५ ते ५.५ च्या आसपास, तांबं ३ च्या थोडं वर आणि आपलं नख अडीच. ओरखडा सहज उमटला तर त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका आणि भिंगातून बघा. बारीक बुडबुडे येऊ लागले तर कॅल्साइट. कॅल्साइट फुटतो तोही तिरक्या चौकटींत, प्रत्येक तुकडा जणू बाजूला ढकललेला ठोकळा. क्वार्ट्झ मात्र कसाही, काचेसारखा वाकडा फुटतो. ओरखडा उमटला पण बुडबुडे नाहीत, आणि एखाद्या पृष्ठावर शिंपल्याच्या आतल्या बाजूची चमक आहे, तर बहुधा झिओलाइट या खनिजांच्या कुळातलं काहीतरी. स्टिलबाइट असेल तर स्फटिक मध्ये आवळलेल्या पेंढीच्या आकाराचे, पांढरे ते फिकट गुलाबी दिसतात. स्कोलेसाइट सुयांच्या झुबक्यासारखं.

झिओलाइट ओळखलं की तिथेच थांबा, त्याचं पक्कं नाव लावायची घाई करू नका. वहीत ‘झिओलाइट, प्रकार ठाऊक नाही’ असं लिहिणं चांगलं.

चुनखडकाच्या भागात हीच व्हिनेगरची चाचणी आणखी कामाला येते. चुनखडकावर बुडबुडे लगेच येतात. डोलोमाइट या चुनखडकासारख्याच दिसणाऱ्या, मॅग्नेशियम असलेल्या खडकावर येतच नाहीत. खिळ्यानं थोडी पूड पाडून तिच्यावर थेंब टाकला तरच सावकाश येतात. यादवाड, लोकापूर, मुधोळच्या बाजूला दोन्ही भेटतात, आणि मुलांना हा फरक स्वतः शोधून काढायला फार आवडतं.

लोखंडी आणि काळ्या दगडांना टाइलचा तुकडा लागतो. टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि दगडानं तिच्यावर रेघ ओढा. दगड वरून काळा दिसला तरी रेघ तांबूस-लाल आली तर हेमाटाइट. पिवळट-तपकिरी आली तर लिमोनाइट किंवा गोएथाइट, जांभ्यात हे भरपूर असतं. काळी रेघ आली आणि चुंबक चिकटला तर मॅग्नेटाइट. काळीच रेघ, हाताला काजळी, पण चुंबक ढिम्म, तर मँगनीजचं खनिज.

चुंबकाचा एक खेळ कुठल्याही ओढ्यावर करता येतो आणि लहानांसाठी मला तोच सगळ्यांत आवडतो. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा आणि कोरड्या वाळूतून ओढायचा. पिशवीवर काळ्या कणांची मिशी उगवते. बेसाल्ट झिजून सुटलेलं हे मॅग्नेटाइट. पिशवी उलटी केली की कण सगळे एकदम डबीत पडतात आणि चुंबक स्वच्छ राहतो. उत्तरेच्या ओढ्यात किती मिळतात आणि खानापूरच्या ओढ्यात किती, याची तुलना मुलांना करू द्या.

गोकाकला कशासाठी जायचं

गोकाकचा धबधबा सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण पाण्याकडे बघून लोक परत येतात. घटप्रभा जिथून सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते तो कडा कलादगी कुळातल्या वालुकाश्माचा आहे. पाणी कमी असताना, कड्यापासून चांगलं लांब, सपाट खडकावर बघत चाला. कुठे कुठे दगडावर लाटांच्या बारीक समांतर वळ्या दिसतील. शंभर कोटी वर्षांच्या घरातल्या एका उथळ पाण्याच्या तळावर वाळू अशी वळ्यावळ्यांची झाली आणि दगड होऊन राहिली. मुलांना तिथे बसवून वळीची एक बाजू चढी आणि एक उतरती आहे का ते बोटानं बघायला सांगा. दोन्ही बाजू सारख्या असतील तर पाणी पुढे-मागे हेलकावत होतं. एक बाजू जास्त उभी असेल तर प्रवाह त्या उभ्या बाजूकडे वाहत होता. फोटो काढताना शेजारी पेन ठेवा, मोजमाप कळतं. यातलं काही उचलून आणायचं नाही. कड्याच्या टोकाकडे कुणालाही जाऊ देऊ नका, शेवाळलेल्या खडकावरून घसरून तिथे माणसं गेली आहेत.

सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला गेलात तर नविलुतीर्थाकडेही जाऊन या. मलप्रभा तिथे क्वार्टझाइटच्या टेकड्या कापून जाते. वालुकाश्म आणि क्वार्टझाइट यांतला फरक सोपा आहे. वालुकाश्म फुटतो तेव्हा वाळूचे कण सुटे होतात आणि बोटाला खरखर लागतात. क्वार्टझाइटमध्ये कण एकमेकांना इतके चिकटलेले असतात की भेग कणांच्या आरपार जाते आणि फुटलेली बाजू गुळगुळीत लागते.

जीवाश्म : आशा किती ठेवायची

खरं सांगायचं तर हा जीवाश्मांचा मुलूख नाही. बेसाल्ट हा लाव्हा, धारवाड खडक फार जुने आणि फार भाजले-दाबले गेलेले. कलादगी खडक बनले तेव्हा पृथ्वीवर शिंपले, मासे, झाडं काहीच नव्हतं. पण तेव्हा सूक्ष्मजीवांचे थर उथळ समुद्रात वाढत होते, आणि त्यांनी रचलेल्या चुन्याच्या घुमटाकार, कांद्याच्या पाकळ्यांसारख्या आकृत्या बागलकोटकडच्या चुनखडक-डोलोमाइटमध्ये आढळतात. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. एवढ्या जुन्या जीवांच्या खुणा आपल्या जिल्ह्याच्या वेशीवर आहेत, हे मुलांना नक्की सांगा.

दुसरी शक्यता दोन लाव्हांच्या मधली. लाव्हाचे उद्रेक सलग झाले नाहीत, मधल्या शांत काळात तळी साचली, त्यांत गोगलगायी आणि शेवाळ वाढलं, मग पुढच्या लाव्हानं सगळं झाकून टाकलं. असे गाळाचे पातळ थर गोकाक तालुक्यात अभ्यासकांनी नोंदलेले आहेत. तिसरी, नद्यांच्या जुन्या गाळातली हाडं. रॉबर्ट ब्रूस फूट हे भूवैज्ञानिक या मुलखात फिरत होते, तेव्हा गोकाकजवळच्या गाळात त्यांना गेंड्याचे अवशेष मिळाले आणि १८७४ मध्ये त्यांनी त्या गेंड्याच्या जातीला दख्खनवरून नाव देऊन ते प्रसिद्ध केले. आपल्या घटप्रभेकाठी गेंडे चरत होते, यावर पोरं दोन दिवस बोलत राहतात.

असं काही सापडलंच तर जागेवरून हलवू नका. चारी बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी, मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश, आणि धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा. जीवाश्म उपटला की तो कोणत्या थरात होता ही माहिती कायमची जाते.

फसवणाऱ्या दगडाबद्दलही सांगायला हवं. वालुकाश्म किंवा चुनखडकाचा पापुद्रा सुटतो आणि आत काळ्या रंगात नेचाचं सुंदर पान दिसतं, फांद्या, उपफांद्या, सगळं. घरात आरडाओरडा होतो. भिंगातून बघा. पानाला मधली शीर असते, दोन्ही बाजूंना पात्यांची ठरावीक मांडणी असते. इथे शीर नाही, फांद्या एका भेगेच्या कडेपासून सुरू होऊन कशाही पसरल्या आहेत, आणि जाडी अजिबात नाही, नुसता रंग आहे. हे मँगनीजयुक्त पाणी भेगेतून झिरपताना साठलेलं काळं ऑक्साइड, त्याला डेंड्राइट म्हणतात. जीवाश्म नाही म्हणून टाकून देऊ नका, संग्रहातली ती देखणी गोष्ट ठरते.

आणखी एक. घटप्रभा आणि मलप्रभेच्या खोऱ्यांत अश्मयुगीन माणसांनी क्वार्टझाइटची हत्यारं केली. बदामाच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी कपच्या काढलेला, धार असलेला दगड दिसला तर तो निसर्गानं घडवलेला नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे माणसानं घडवलेली शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. फोटो घ्या, जागा टिपा, पुरातत्त्व खात्याला कळवा, दगड तिथेच राहू द्या.

पाचवी पायरी : घरी आल्यावर

त्याच संध्याकाळी बसा, दुसऱ्या दिवसावर टाकलं की पिशव्या कपाटावर जातात आणि कोणता दगड कुठला ते विसरतं. साधं पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश पुरे. झिओलाइट, कॅल्साइट यांना आम्ल किंवा गरम पाणी लावू नका. क्वार्ट्झवरचा लोखंडाचा पिवळा डाग काढायला ऑक्झॅलिक आम्ल वापरतात, पण ते विषारी आहे आणि मुलं असलेल्या घरात आणू नये असं माझं मत आहे. डाग राहिला तर राहिला.

वाळल्यावर दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या नेलपॉलिशचा छोटा ठिपका द्या. तो सुकला की त्यावर बारीक काळ्या पेननं नंबर, आणि वर रंग नसलेल्या नेलपॉलिशचा एक हात. नंबर कधी पुसत नाही. वहीत त्या नंबरासमोर गाव, नेमकी जागा, तारीख, कुणी शोधला, कुणाच्या परवानगीनं, सोबत कोणता खडक होता आणि कोणत्या चाचण्या केल्या. उदाहरणार्थ :

क्र. १७. पोकळीतलं कॅल्साइट. हुक्केरीजवळ, नव्या विहिरीचा ढीग. छिद्रांचा बेसाल्ट, विहिरीच्या खालच्या थरातला असं शेतकरी म्हणाले. खिळ्यानं ओरखडा, व्हिनेगरला बुडबुडे. शोधला : धाकटीनं.

‘शोधला : धाकटीनं’ ही ओळ कधी गाळू नका. मुलं वही उघडतात ती आपलं नाव बघायला.

ठेवायला कुंदा या मिठाईचे रिकामे खोके उत्तम, आत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी खण करता येतात. मोठ्या गोट्यांना अंड्यांचे ट्रे. सुयांसारख्या नाजूक स्फटिकांखाली कापूस घालू नका, धागे अडकून सुया मोडतात. टिश्यू पेपर घाला.

खोके चार-पाच झाले की छाटणी करा. एकाच जागेचे सारखे दहा तुकडे असतील तर दोन ठेवा, बाकीचे शाळेला द्या किंवा जिथून आणले त्या माणसाला परत न्या. शाळेला देताना नोंदीची नक्कल सोबत हवी.

पुढे

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर आपल्या जिल्ह्याचा भूवैज्ञानिक नकाशा फुकट बघता येतो. पुढच्या सहलीआधी मुलांना त्यावर आपलं गाव शोधायला लावा आणि रंग कुठे बदलतो तिथे बोट ठेवायला सांगा. तो रंग जिथे बदलतो त्या रस्त्यावर गाडी सावकाश चालवा. कुंपणाचे दगड, विहिरीचं बांधकाम, शेतातल्या मातीचा रंग, सगळं हळूहळू बदलताना दिसतं. मोठे स्फटिक बघायची हौस असेल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आहे, नाशिकच्या फेरीत एक सकाळ त्यासाठी ठेवा.

आणि जमलं तर आपल्या गावात दगड फोडणाऱ्या, पाट्याला टाकी लावणाऱ्या वडार समाजातल्या एखाद्या वयस्कर माणसाशेजारी तासभर बसा. कोणता दगड कोणत्या अंगानं फुटतो, कोणता टाकीला दाद देतो आणि कोणता उन्हात तडकतो, हे ते ठोक्याच्या आवाजावरून सांगतात. जाताना मुलांना वही न्यायला लावा, आणि त्यांनी सांगितलेली दगडांची नावं त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावासकट लिहून घ्या.